सांगणाऱ्या मुलांना शिक्षा नको
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : किशोरवयीन मुलांचा समाजमाध्यमांचा वापर आणि शाळांची जबाबदारी.

महोदय,


मी जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब असलेल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवी ते दहावीची मुले रोज माझ्यासमोर असतात. त्यांच्या हातातल्या मोबाइलबद्दल सध्या सगळीकडे बोलले जात आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवू न देणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला. त्यानंतर आपल्या शेजारी गोव्यातही तसे काही करता येईल का, याची चर्चा सुरू झाली. आपल्याकडे पालकसभेत, एसटीत, शिक्षकांच्या खोलीत एकच वाक्य ऐकू येते : सरकारने बंदीच घालून टाकावी.

ही मागणी करणाऱ्यांची काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. पण बंदीचा विचार होईल तेव्हा होईल. त्याआधी मी आपल्याकडे एक गोष्ट मागते आहे. तिला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. मोबाइलवर काही वाईट घडले आणि मूल ते सांगायला आले, तर सांगितल्याबद्दल त्या मुलाचे काहीही हिरावून घेतले जाणार नाही, अशी हमी राज्यातल्या प्रत्येक शाळेने द्यावी. ही मागणी मी बंदीच्याही आधी का ठेवते, ते सविस्तर सांगते.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांविषयी आहे. १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. हे आकडे कोणाही शिक्षकाला ओळखीचे वाटतील. माझे लक्ष मात्र त्याच अहवालातल्या पुढच्या आकड्यांनी वेधले. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी त्रास देणाऱ्याचे खाते ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ६२ टक्के मुलांना माहीत होते. आपले खाते प्रायव्हेट कसे करायचे, हे ५५ टक्क्यांना. याचा अर्थ दर दहांतली चार मुले अशा ठिकाणी जातात, जिथे कोणी अंगावर आले तर दार कसे लावायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

अहवालात आणखी एक फरक नोंदवलेला आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. बाकीच्या मुली वडिलांचा, आईचा किंवा भावाचा फोन वापरतात. म्हणजे त्यांच्या हातात फोन असतो तो दुसऱ्याच्या मर्जीने. कोणत्याही बंदीचा, कोणत्याही भीतीचा पहिला घाव कोणावर पडेल, हे इथेच कळते.

हा फोन मुलांपर्यंत कसा आला, याचाही विसर पडायला नको. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण चालू ठेवण्यासाठी आपण सगळ्यांनीच पालकांना सांगितले, की घरात एक स्मार्टफोन असू द्या. लोकांनी शेळ्या विकून, उसनवारी करून, हप्त्यावर फोन घेतले. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण फोनवरची शाळा बंद झाली नाही. आजही गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो, उद्याची सूचना रात्री साडेनऊला येते, प्रकल्पाची माहिती ‘गूगलवर शोधा’ असे सांगितले जाते. संध्याकाळी फोन मागणारी मुलगी आईला सांगते, “बाईंनी अभ्यास पाठवलाय.” ती खोटे बोलत नसते. अभ्यास पाहायला उघडलेला फोन पाच मिनिटांत रील्सवर जातो आणि तास कधी जातो ते तिलाही कळत नाही.

इथे मुलांच्या मनोनिग्रहाला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपायचे आणि पुढच्या पानासाठी बोट दाबावे लागायचे. तेवढ्या क्षणात उठावेसे वाटायचे. २००६ मध्ये आझा रास्किन या तंत्रज्ञाने पान कधीच संपू नये अशी रचना तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. आजची रील्स त्याच तत्त्वावर चालतात. कोणत्या चित्रफितीवर बोट थांबले, कोणती पुन्हा पाहिली, कोणती पुढे ढकलली, याची नोंद ठेवून पुढची चित्रफीत निवडली जाते. एक दिवस जरी संदेश पाठवला नाही तर मित्राबरोबरचा सलग दिवसांचा ‘स्ट्रीक’ तुटतो, म्हणून मुले सहलीला जातानाही आपला पासवर्ड मैत्रिणीकडे देऊन जातात. हे सगळे पगारी, हुशार, प्रौढ माणसांनी बसून आखलेले आहे आणि त्यांच्यासमोर चौदा वर्षांचे मूल एकटे बसलेले आहे.

कंपन्यांना हे परिणाम ठाऊक नव्हते असेही नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. आपल्या शरीराबद्दल आधीच अस्वस्थ असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी अनेकींना इन्स्टाग्रामने अधिक वाईट वाटते, हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत दिसले होते. माझ्या वर्गात हे मला दुसऱ्या रूपात दिसते. नववीतल्या मुली स्नेहसंमेलनाच्या फोटोत स्वतःचा चेहरा फिल्टर लावल्याशिवाय पाहायला तयार नसतात. सावळ्या मुली पहिल्या रांगेत उभ्या राहायला कचरतात. सौंदर्याचा हा काच आपल्या समाजात आधीपासून होता. आता तो दिवसातून शंभरदा त्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

मुलग्यांची गोष्ट वेगळी, पण तितकीच काळजीची. ‘भाई’चा वाढदिवस, तलवारीने कापलेला केक, गाड्यांचा ताफा, जातीच्या अभिमानाची गाणी, आणि त्याखाली येणाऱ्या शिव्या. दहावीतला मुलगा एका स्टेटसने गावात ओळखला जाऊ लागतो आणि एका स्टेटसने पोलीस ठाण्यातही पोहोचतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. ते आक्षेपार्ह स्टेटस ठेवल्यावरून ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. शाहू महाराजांच्या शहरात हे घडले. त्या मुलांना इतिहास शिकवणारे शिक्षक होते, घरी आईवडील होते. पण स्टेटस ठेवण्याआधी ज्याला विचारावे असे कोणी त्यांच्या आसपास होते का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

याच फोनवर चांगलेही घडते आणि ते मला डोळ्यांआड करायचे नाही. वाडीवरची मुलगी यूट्यूबवर पाहून एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते. पोलीस भरतीसाठी धावणारा मुलगा प्रशिक्षकाविना आपली धाव सुधारतो. कबड्डीची चढाई, मेंदीची नक्षी, गणिताची एखादी अडलेली पायरी, हे मुलांना तिथे फुकट मिळते. ज्या मुलाला ऐकू कमी येते, तो मित्रांशी लिहून बोलतो आणि त्या गटात तो कोणापेक्षा मागे नसतो. म्हणूनच फोन उचलून कपाटात ठेवला की प्रश्न मिटला, असे मला म्हणता येत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते.

शिक्षकांच्या कानावर जे येते, त्याला एक ठराविक वळण असते. एखाद्या मुलीला इन्स्टावर अनोळखी मुलाची रिक्वेस्ट येते. तो गोड बोलतो, कविता पाठवतो, काही आठवड्यांनी फोटो मागतो. ती साधा फोटो पाठवते. मग तोच फोटो बिघडवून, आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी काही मिनिटांत नग्न करून, तिच्याकडे परत येतो. सोबत धमकी असते : आणखी फोटो पाठव, नाहीतर हा गावाच्या गटावर टाकतो. मुलग्यांच्या बाबतीत बहुधा रात्री एक व्हिडिओ कॉल येतो, समोर बाई दिसते, कॉल रेकॉर्ड होतो आणि पैशांची मागणी सुरू होते. मुलगा आईच्या पाकिटातून, बापाच्या यूपीआयमधून पैसे पाठवू लागतो.

या दोन्ही ठिकाणी गुन्हेगाराचे बळ एकाच गोष्टीत आहे. मूल घरी सांगणार नाही, याची त्याला खात्री असते. आणि ती खात्री आपणच त्याला दिलेली आहे. सांगितले की काय होते, हे मुलींना पाठ आहे. पहिली थप्पड तिला बसते. फोन जातो. मग क्लास बंद होतो, मग मैत्रिणीकडे जाणे बंद होते. काही घरांत शाळाच थांबते आणि पाहुणे ‘स्थळ’ घेऊन येऊ लागतात. ज्याने धमकी दिली त्याचा फोन त्याच्याच हातात असतो. जिने सांगितले तिचे सगळे गेलेले असते. हे एकीच्या बाबतीत घडले की वर्गातल्या बाकीच्या चाळीस मुली त्यातून धडा घेतात. तो धडा एवढाच असतो, की काहीही झाले तरी बोलायचे नाही.

शाळेतही चित्र फारसे वेगळे नसते. तक्रार आली की पहिला विचार होतो तो शाळेच्या नावाचा. “बाहेर जाऊ देऊ नका”, “पालकांना बोलावून मिटवून घ्या”, “तिचीच चूक आहे, कशाला फोटो टाकायचे”, ही वाक्ये मी अनेक शाळांतल्या सहकाऱ्यांकडून ऐकली आहेत. खरे तर कायदा इथे स्पष्ट आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर तो पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनावट अश्लील प्रतिमेबद्दल पीडित व्यक्तीची तक्रार आली की कंपनीने ठरावीक मुदतीत कारवाई करावी, असे बंधन घातले. १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. त्या फोटोची एक सांकेतिक खूण मुलाच्याच फोनवर तयार होते आणि ती खूण सहभागी कंपन्यांकडे जाते, म्हणजे त्यांना तो फोटो शोधून काढून टाकता येतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०, मनाच्या आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ असे क्रमांक आहेत. कायदे आहेत, सेवा आहेत, क्रमांक आहेत. मूल बोलत नाही तोवर यातले काहीच त्याच्या उपयोगाला येत नाही.

म्हणून बंदीची घाई मला धोक्याची वाटते. ज्या दिवशी खाते उघडणेच बेकायदा ठरेल, त्या दिवशी पीडित मुलीच्या डोक्यावर आणखी एका चुकीचे ओझे येईल. आज ती म्हणते, “फोटो पाठवला हे कसे सांगू?” उद्या म्हणेल, “खाते होते हेच कसे सांगू?” ऑस्ट्रेलियाचा कायदा निदान एका बाबतीत नीट विचार करून केलेला आहे. त्यात मुलांना किंवा पालकांना दंड नाही, दंड कंपन्यांना आहे आणि तो जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे उद्या तसा कायदा झालाच, तर हा भाग आधी उचलावा. मुलाला अपराधी करणारी कोणतीही तरतूद त्यात नसावी.

बंदीचा अनुभव आपल्याला आधीही आलेला आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केली. खेड्यापाड्यांतली मुले एका दारातून निघून दुसऱ्या दारातून आत गेली. वयाची अट तर आजही आहे. १३ वर्षांखालच्या मुलांना ही खाती उघडता येत नाहीत, असे कंपन्यांचे नियम सांगतात. तरी पाचवीतल्या मुलांचीही खाती आहेत, कारण जन्मसाल निवडायला बोट फिरवण्याखेरीज काही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात इन्स्टाग्रामने किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली. ती आपोआप प्रायव्हेट असतात, रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत सूचना येत नाहीत. पण खोटे जन्मसाल घालणाऱ्या मुलापर्यंत हे संरक्षण पोहोचेलच असे नाही.

केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. तरतूद चांगली आहे. पण एकाच फोनवर तीन माणसे असलेल्या घरात आईच्या नावाने संमती कोण देणार? ज्याला फोन वापरता येतो तोच देणार. तो बहुतेक घरांत आठवीतला मुलगाच असतो. कागदावरची संमती आणि घरातले लक्ष यांतले हे अंतर केवळ कायद्याने भरून निघणार नाही. ते भरून काढण्याचे काम शाळेलाच करावे लागेल, कारण मुलाला रोज भेटणारी, घराबाहेरची आणि जबाबदार अशी दुसरी संस्था गावात नाही.

या राज्यातल्या दोन गावांनी आपापला मार्ग शोधला, त्यांचा उल्लेख करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. तिथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले मोबाइल आणि टीव्ही बंद होतात. मोठ्यांचेही. मुले अभ्यासाला बसतात, घरातली माणसे एकमेकांशी बोलतात. दोन्ही गावांची तळमळ सारखीच आहे. मला वडगावची वाट जवळची वाटते, कारण तिथे नियम सगळ्यांना सारखा आहे. जेवताना ज्याचे वडील फोन पाहत असतात त्या मुलाला “फोन ठेव” हे वाक्य लागू पडत नाही. आणि त्या दीड तासात आणखी एक गोष्ट शक्य होते : मुलाला काही सांगायचे असेल, तर ऐकणारा माणूस मोकळा असतो.

आपल्या विभागाने मुलांच्या झोपेचा विचार करून याआधी एक धाडसाचा निर्णय घेतलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही याकडे लक्ष वेधले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला. मुले रात्री उशिरापर्यंत जागतात, हे शासनाने तेव्हा मान्य केले. आठवी ते दहावीच्या मुलांची रात्र त्याहून लांब असते. पहिल्या तासाला मान टाकून बसलेली मुले रोज पाहते, तेव्हा त्यांच्यापैकी कोण नुसते रील्स पाहत जागले आणि कोण कोणाच्या धमकीने जागले, हे बाहेरून ओळखता येत नाही.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची. विभागाने सर्व माध्यमांच्या, सर्व व्यवस्थापनांच्या शाळांसाठी परिपत्रक काढावे. समाजमाध्यमांवरच्या छळाची, धमकीची किंवा फसवणुकीची माहिती देणाऱ्या विद्यार्थ्यावर त्याच कारणाने कोणतीही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, नाव उघड होणार नाही, वर्ग किंवा शाळा बदलायला सांगितले जाणार नाही. पालकांशी बोलताना मुलीचे शिक्षण थांबणार नाही याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर राहील. हे परिपत्रक फाइलला लावून चालणार नाही. त्यातला मजकूर मुलांना कळेल अशा मराठीत प्रत्येक वर्गात लावावा आणि पहिल्या पालकसभेत वाचून दाखवावा.

दुसरी. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर त्यांची आठवण राज्याला झाली. अनेक ठिकाणी समिती कागदावर आणि पेटी मुख्याध्यापकांच्या दालनासमोर, सगळ्यांच्या नजरेत असते. प्रत्येक शाळेत एक शिक्षिका आणि एक शिक्षक अशी दोन नावे मुलांना माहीत असावीत. त्यांना ऐकून कसे घ्यायचे, पुरावा कसा जपायचा, स्क्रीनशॉट पुसायचा नाही, पोलिसांना केव्हा कळवायचे, याचे खरे प्रशिक्षण मिळावे. शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक समुपदेशक असावा आणि तो महिन्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत यावा.

तिसरी. शाळांनी संध्याकाळनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ पाठवणे बंद करावे. गृहपाठ वहीत उतरवून द्यावा. फोनवाचून अडेल असा कोणताही अभ्यास आठवीपर्यंत देऊ नये. याच्या जोडीला शाळांनीही मुलांचे चेहरे वापरून रील्स करणे थांबवावे. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी नाचणारी मुले, शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यावर विद्यार्थ्यांचे व्हिडिओ, हे आता सर्रास चालते. मुलांचा फोटो परवानगीशिवाय टाकायचा नाही, हे शाळेने आधी स्वतः पाळावे, मग शिकवावे.

चौथी. आठवी आणि नववीला फोनच्या सुरक्षिततेचे तास ठेवावेत. खाते प्रायव्हेट करणे, ब्लॉक करणे, तक्रार नोंदवणे, बनावट फोटो ओळखणे, धमकी आल्यावर पैसे न पाठवणे, हे हाताने करून शिकवायचे आहे. हे तास मुलग्यांसाठीही तितकेच आहेत. वर्गातल्या मुलीचा फोटो पुढे पाठवणे हा गुन्हा आहे आणि तो आपल्या हातून होऊ नये, हे त्यांनी चौदाव्या वर्षी शिकायला हवे. मुलींना जपून राहायला शिकवून आपले अर्धेच काम होते.

पाचवी. संध्याकाळी शाळेचे मैदान आणि वाचनालय उघडे ठेवावे. ज्या गावात फोनखेरीज संध्याकाळी दुसरे काही नाही, तिथे फोन कमी करा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. मुलींसाठी ही गरज जास्त आहे, कारण मुलगे निदान कट्ट्यावर तरी बसतात.

सहावी आणि शेवटची. राज्य शासनाने केंद्राकडे आणि कंपन्यांकडे आग्रह धरावा, की तक्रारीची सगळी प्रक्रिया मराठीत असावी आणि ती मुलाला कळेल इतकी सोपी असावी. मुलांसाठी अखंड सरकणारी पाने, आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती आणि रात्रीच्या सूचना मुळातच बंद असाव्यात. हे बदल कंपन्यांना करता येतात, हे त्यांनी स्वतःच किशोरवयीनांची खाती सुरू करून सिद्ध केले आहे. आजचे संरक्षण मुलाने खरे वय सांगण्यावर टिकून आहे. वय खरे आहे की नाही हे तपासण्याचा भार कंपनीवर असला पाहिजे.

या सहा मागण्यांपैकी काहींना वेळ लागेल, काहींना पैसा. समुपदेशकांची पदे एका वर्षात भरली जाणार नाहीत, हे मी जाणते. मैदानाला रखवालदार लागेल, तोही प्रश्न आहे. पण पहिल्या मागणीला ना पद लागते ना निधी. तिला फक्त आपला निर्णय लागतो.

हे पत्र वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती आहे. आज संध्याकाळी आपल्या मुलाला, मुलीला जवळ बसवून एवढेच सांगा : “फोनवर काहीही झाले, अगदी तुझी चूक झाली असली, तरी मला सांग. मी ओरडणार नाही. तुझी शाळा बंद होणार नाही.” आणि वेळ आली की हा शब्द पाळा. हे वाक्य ज्या घरात बोलले गेले आहे, त्या घरातल्या मुलाला धमकी देणाऱ्याचे निम्मे बळ तिथेच संपते.

मंत्रिमहोदय, नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी हे परिपत्रक निघू शकते. शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तके वाटताना मुख्याध्यापकांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे. राज्यातल्या लाखो मुलांना शासनाने दिलेला हा पहिला शब्द असेल, की बोलणाऱ्या मुलाच्या पाठीशी आम्ही उभे आहोत. तो शब्द आपण द्या. तो पाळण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो.

कळावे,
आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका